सोसायटीच्या तीन गुंठ्यांत सामायिक बाग केली तर शेजाराला काय मिळतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिंहगड रस्त्याकडची ८४ सदनिकांची सोसायटी. मागच्या बाजूला तीन गुंठे मोकळी जागा, तिथे सध्या रानगवत, मोडक्या खुर्च्या आणि पावसाळ्यात डबकं. कमिटीतल्या काहींना तिथे लॉन लावून कंत्राटी माळी ठेवायचा आहे, तर काहींना सगळ्यांनी मिळून भाजीपाल्याची बाग करायची आहे. महिन्याभरात सर्वसाधारण सभा आहे आणि ‘भाजी मंडईत मिळते, मग हा खटाटोप कशासाठी?’ हा प्रश्न तिथे येणारच. त्याला काय उत्तर द्यायचं, आणि अशा बागेने शेजाराला खरंच काही फायदा होतो का?

होतो. गेली १९ वर्षं मी पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या सोसायट्या, शाळा आणि काही वस्त्यांमध्ये अशा बागा उभ्या करायला मदत करते आहे. काही बागा दहा वर्षांहून जास्त काळ चालू आहेत, काही दुसऱ्या पावसाळ्यातच बंद पडल्या. सभेत ज्या फायद्याचं सगळ्यात जास्त कौतुक होतं, तो प्रत्यक्षात सगळ्यात लहान असतो. आणि सगळ्यात मोठा फायदा ज्या गोष्टीतून येतो, तीच गोष्ट लोकांना बागेची अडचण वाटते. म्हणून आधी भाजीचा हिशोब सांगते, मग त्या अडचणीकडे येते.

तीन गुंठे म्हणजे ३,२६७ चौरस फूट. त्यातून चालायच्या वाटा, खताचे हौद, अवजारांची पेटी आणि इमारतीच्या सावलीत जाणारा पट्टा वजा करा. वाफ्यांना निम्मी जागा उरली तरी पुष्कळ झालं. एवढ्या जागेतून ८४ घरांची रोजची भाजी निघत नाही. हंगाम चांगला लागला तर घरटी आठवड्याला एखादी जुडी, कधी चार काकड्या, पावसाळ्यात दोडकी-घोसाळी जरा सढळ हाताने. ‘भाजीचं बिल निम्मं होईल’ असं सभेत कोणी म्हणालं तर त्यांना तिथेच थांबवा. ते आश्वासन पहिल्या उन्हाळ्यात खोटं ठरतं आणि मग बागेच्या खऱ्या फायद्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

ताटात फरक पडतो तो वेगळ्या वाटेने. मंडईत जे क्वचितच मिळतं, किंवा मिळालं तरी कोमेजलेलं मिळतं, ते इथे लावता येतं: चाकवत, चंदनबटवा, मायाळू, अंबाडी, भाजीचा अळू, आंबट चुका, ओली हळद आणि पातोळ्यांसाठी तिची पानं. ऋषिपंचमीच्या भाजीचा तर नियमच असा की त्यात बैलाच्या कष्टाचं काही नको, माणसाच्या हाताने पिकवलेलंच हवं. शहरात आपण हा नियम केव्हाच सोडून दिला, कारण इलाजच नव्हता. कोथरूडच्या एका सोसायटीत गेली सहा वर्षं ती भाजी बागेतूनच होते. अळू, लाल माठ, भेंडी, पडवळ, दोडकं, लाल भोपळा, सुरण, आणि कुंपणालगत लावलेल्या मक्याची कणसं. तळमजल्यावरच्या एका घरात मोठ्या पातेल्यात शिजते आणि प्रत्येक घरात वाटीभर जाते. तिथली मुलं सुरण ओळखतात, त्याचा देठ धरून उपटू नये हेही त्यांना ठाऊक आहे.

स्वतः लावलेलं माणूस जास्त खातं, हे फक्त माझं मत नाही. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात २९१ प्रौढांना घेऊन यावर एक नीट चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. आधीच्या दोन वर्षांत बागकाम न केलेली ही माणसं. काहींना चिठ्ठ्या टाकून सामायिक बागेत वाफा दिला, बाकीच्यांना पुढच्या वर्षापर्यंत थांबायला सांगितलं. वाफा मिळालेल्यांच्या आहारात दुसऱ्या गटापेक्षा दिवसाला सुमारे १.४ ग्रॅम तंतू (फायबर) जास्त आले, आठवड्याला सुमारे ४२ मिनिटं शारीरिक हालचाल वाढली आणि ताण-चिंताही कमी झाली. हे आकडे लहान वाटतील. पण डॉक्टरांनी ‘भाज्या खा, चाला’ असं कितीदा सांगूनही न घडणारी गोष्ट इथे आपोआप घडली, म्हणून मला ते महत्त्वाचे वाटतात.

आता त्या अडचणीकडे येते. लॉनला तुमची गरज नसते. माळी येतो, मशीन फिरवतो, जातो. लोक ते गॅलरीतून बघतात आणि सहा महिन्यांत तिथे ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी लागते. भाजीच्या बागेला मात्र रोज कोणीतरी लागतं. एप्रिलमध्ये एक दिवस पाणी चुकलं की मेथी माना टाकते. भेंडी दोन दिवस तोडली नाही की जून होते. खताचा हौद आठवडाभर हलवला नाही की वास येतो आणि पहिल्या मजल्यावरून फोन येतो. सभेत हीच सगळी कारणं बागेच्या विरोधात मांडली जातील. माझा अनुभव असा की बागेचा सगळा लाभ या रोजच्या गरजेतूनच येतो. ती गरज कंत्राटावर देऊन टाकली तर भाजी कदाचित जास्त निघेल, पण शेजार होता तसाच राहील.

विचार करा, तुमच्या सोसायटीतली माणसं एकमेकांना कुठे भेटतात? लिफ्टमध्ये, जिथे मान हलवण्यापुरताच वेळ असतो. पार्किंगमध्ये, जिथे बहुतेक वेळा तक्रार असते. आणि सभेत, जिथे ती तक्रार लेखी होते. ओळख व्हायला तिथे वावच नसतो. बाग माणसांना कामाच्या निमित्ताने शेजारी शेजारी बसवते. खाली मान घालून निंदणी करताना, शेंगा सोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही आणि मग बोलणं सुटतं. जात्यावर, पाणवठ्यावर, शेताच्या बांधावर आपली माणसं अशीच बोलत आली. शहरी घरात नळ आला, मिक्सर आला, त्यांनी कष्ट वाचवले ते चांगलंच झालं, पण बोलायच्या त्या जागा गेल्या आणि त्यांच्या बदल्यात काही आलं नाही.

एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. धायरीकडच्या एका बागेत आम्ही पहिले वाफे केले तेव्हा अंबाजोगाईकडून मुलाकडे राहायला आलेल्या एक आजी रोज दुरून बघत उभ्या राहायच्या. वर्षभर त्या सोसायटीत होत्या, पण इमारतीत त्यांचं नाव कोणाला माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, ‘बी एवढं खोल पुरलं तर पालक वर यायचा नाही.’ आणि खरंच, आमच्या हौशी मंडळींनी पालक दोन इंच खोल पुरला होता! आजींनी वाफा पुन्हा सारखा केला, ओळी पाडल्या, बी पेरून बोटाने वरवर माती ओढली. त्यानंतर बागेतला कुठलाही निर्णय त्यांना विचारल्याशिवाय झाला नाही. त्यांनी एका कोपऱ्यात अंबाडी लावली. ती काय असते हे विचारायला आयटीतल्या तीन मुली त्यांच्या घरी गेल्या आणि ज्वारीच्या कण्या घालून केलेली, वर लसणाची फोडणी दिलेली भाजी खाऊन आल्या. पुढे मुलगा-सून परगावी असताना आजींना रात्री चक्कर आली. त्यांनी फोन केला तो या तिघींपैकी एकीला. बागेआधी त्यांच्याकडे इमारतीतल्या एकाही माणसाचा नंबर नव्हता.

तुमच्या ८४ घरांत अशी किती माणसं असतील? ज्यांना शेती येते पण शहरात त्या ज्ञानाला कोणी विचारत नाही, अशी माणसं प्रत्येक इमारतीत असतात, आणि बहुतेक वेळा ती फ्लॅटमध्ये राहतच नाहीत. तुमचे सुरक्षारक्षक, झाडलोट करणारे, घरकामाला येणाऱ्या मावशी, यांच्यातले कितीतरी जण मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यातून आलेले आहेत आणि पीक त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. इथे मी फार स्पष्ट बोलते: त्यांना बागेत मजूर म्हणून वापरू नका. पाण्याच्या पाळीत त्यांचं नाव टाकायचं असेल तर वाटणीतही टाका. शक्य असेल तर त्यांच्यासाठी दोन वाफे ठेवा आणि त्यांत काय लावायचं ते त्यांना ठरवू द्या. जिथे हे झालं तिथे ‘वॉचमन’ हा शब्द हळूहळू मागे पडून लोक त्यांना नावाने, काका-दादा म्हणून हाक मारू लागलेले मी पाहिलं आहे. जिथे झालं नाही, तिथे बाग फक्त आणखी एका वर्गाची करमणूक होऊन राहिली.

हिरवळीचा काहीच उपयोग नाही असं मात्र मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. अमेरिकेतल्याच फिलाडेल्फियात ५४१ ओसाड, कचऱ्याने भरलेल्या जागांवर एक मोठा प्रयोग झाला. काही जागा साफ करून तिथे गवत आणि थोडी झाडं लावली, काही नुसत्या साफ केल्या, काही तशाच ठेवल्या. २०१८ साली निष्कर्ष आले. हिरव्या केलेल्या जागांजवळ राहणाऱ्यांमध्ये ‘मन उदास वाटतं’ असं सांगण्याचं प्रमाण, तशाच ठेवलेल्या जागांजवळच्या लोकांच्या तुलनेत, ४१.५ टक्क्यांनी घटलं. गरीब वस्त्यांमध्ये ही घट आणखी मोठी होती. म्हणजे मोडक्या खुर्च्या उचलून तिथे लॉन केलं तरी तुमच्या लोकांना बरंच वाटेल. पण तीन गुंठे आणि एवढी माणसं हाताशी असताना नुसतं बघण्यापुरतं हिरवं करून थांबावं, हे मला पटत नाही.

दुसरा मोठा लाभ कचऱ्याचा, आणि सभेत हिशोबी मंडळींना हाच पटेल. घरटी रोज अर्धा ते पाऊण किलो ओला कचरा धरला तर तुमच्याकडे दिवसाला ४० ते ६० किलो निघतो. आज तो गाडीत जातो. ती गाडी कुठे जाते याचा विचार पुण्यात राहून टाळता येत नाही. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षं आपला कचरा, त्याचा वास आणि नासलेल्या विहिरी सोसल्या. मुंबईत देवनारचं कचरामैदान १९२७ पासून चालू आहे आणि जानेवारी २०१६ मध्ये ते पेटलं तेव्हा धुराने शहराचा मोठा भाग गुदमरला होता. सुकलेली पानं आणि ओला कचरा एकत्र कुजवला तर वजन चौथाई-पाचव्या हिश्शावर येतं, म्हणजे तुम्हाला महिन्याला अडीचशे ते साडेचारशे किलो खत मिळेल. एवढं खत कुठे टाकायचं हा प्रश्न बाग नसलेल्या सोसायट्यांना पडतो आणि तिथले खतप्रकल्प त्याच कारणाने बंद पडतात. बाग असेल तर खत कधी पुरत नाही.

नियमही तुमच्या बाजूने आहेत. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा आणि पर्जन्यजलसंधारण यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर मिळकतकरात ५ टक्के, दोन असतील तर १० टक्के सवलत देते. अटी आणि तपासणीची पद्धत क्षेत्रीय कार्यालयात जाऊन विचारा आणि ते पत्रक सभेत सोबत ठेवा.

ज्यांना हे सगळं फार आदर्शवादी वाटेल त्यांना मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाचं उदाहरण सांगा. कर्मचाऱ्यांचा स्वयंपाक करणारं ते मध्यवर्ती स्वयंपाकघर. २००२ च्या सुमारास तिथल्या अधिकारी प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातला ओला कचरा गच्चीवर नेऊन त्यातच फळझाडं आणि भाज्या वाढवायला सुरुवात केली, आणि रोज भाज्या चिरणारे, भांडी घासणारे कर्मचारीच ती बाग सांभाळू लागले. त्याआधी वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी यांनी आपल्या गच्चीवर उसाचं चिपाड आणि घरचा कचरा वापरून भाज्या, केळी, अगदी ऊसही पिकवून दाखवला होता. या दोघांच्या मागे आहेत ते कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर आणि त्यांचा ‘प्रयोग परिवार’. गणिताच्या या प्राध्यापकाने सामान्य शेतकऱ्याला आणि गृहिणीला मोजमाप करायला, प्रयोग करायला आणि तो एकमेकांना सांगायला शिकवलं. जी काही शहरी शेती आज महाराष्ट्रात दिसते, तिच्यावर या माणसाचं मोठं ऋण आहे.

पाण्याचं गणित सोपं आहे आणि सभेत फळ्यावर मांडता येईल. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुमची जागा साधारण ३०० चौरस मीटर. संध्याकाळी वळवाची ५० मिलिमीटरची सर आली तर त्या जागेवर १५ हजार लिटर पाणी पडतं, म्हणजे दहा हजार लिटरचा दीड टँकर. तिथे पेव्हर ब्लॉक असतील तर ते सगळं गेटबाहेर रस्त्यावर जातं. भुसभुशीत, आच्छादलेली माती असेल तर त्यातलं बरंचसं जिथल्या तिथे मुरतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केलं ते तुमच्या भागातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. एका बागेने तो पूर अडला नसता. पण ओढ्याला येणारं पाणी अशाच शेकडो आवारांतून येतं. सध्या तुमच्याकडे साचणारं डबकं हेच सांगतं की तिथली माती दबलेली आहे, पाणी मुरायला वाट नाही.

पाखरं आणि कीटक यांच्याबद्दल मी तासभर बोलू शकते, पण सभेला त्यात रस नसतो, म्हणून एवढंच: एक लिंबाचं झाड नक्की लावा. २०१५ साली महाराष्ट्राने ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला त्या ब्लू मॉर्मनच्या अळ्या लिंबू वर्गातल्या झाडांची पानं खातात. त्या अळ्या मारू नका आणि मुलांना रोज बघायला न्या.

आता बागा का बंद पडतात ते सांगते, कारण फायदा हवा असेल तर हे जास्त महत्त्वाचं आहे.

सगळ्यात जास्त बागा मी किल्लीपायी मेलेल्या पाहिल्या. अवजारांच्या पेटीची आणि नळाची किल्ली एका उत्साही माणसाकडे असते. ते गावाला गेले की पाणी बंद. ते रागावले की बाग बंद. पेटीला आकड्यांचं कुलूप लावा आणि नंबर सगळ्यांना सांगा. नळ वाफ्यांपासून चाळीस-पन्नास पावलांवर असेल तर आधी नळ जवळ आणा, मग बी आणा. बादल्या वाहून नेण्याचा उत्साह तीन आठवडे टिकतो.

पाळी घरटी एक दिवस अशी लावू नका. चार-चार घरांचे गट करा आणि गट मुद्दाम वेगवेगळ्या विंगमधले, वेगवेगळ्या वयाचे करा. एक घर चुकलं तरी तीन असतात, आणि ओळखी त्यातूनच होतात. प्रत्येक घराला स्वतंत्र वाफा द्यायची पद्धत परदेशात बरीच चालते, पण तीन गुंठ्यांत ८४ घरांना ती परवडत नाही. मे महिन्यात निम्मी घरं गावी जातात, त्यांचे वाफे वाळतात आणि मग ‘आमच्या वाफ्यातली वांगी कोणी नेली’ हे सुरू होतं. वाफे सगळ्यांचे ठेवा. तोडणी रविवारी सकाळी आठ वाजता, सगळ्यांसमोर, आणि वाटणी तिथेच. कुंपणाच्या कडेने कढीपत्ता, गवती चहा, पुदिना, तुळस, ओवा लावा आणि ते कोणीही, कधीही, न विचारता तोडावं असं जाहीर करा. ज्यांना पाळी जमत नाही अशा घरांनाही मग बाग आपली वाटते. भाजी चोरीला जाण्याची भीती लोकांना फार असते, पण माझ्या बघण्यात चोरीने एकही बाग बंद पडलेली नाही. वाटणीवरून मात्र दोन पडल्या.

माती विकत आणू नका. माझी सगळ्यात महागडी चूक हीच होती. वाकडमधल्या एका बागेसाठी मी एका पुरवठादाराकडून सहा ट्रक ‘लाल माती’ मागवली. वरचा थर सुरेख होता, खाली बांधकामाचा राडारोडा निघाला आणि मातीबरोबर लव्हाळ्याच्या गाठी आल्या. त्या लव्हाळ्याशी आम्ही दोन वर्षं झगडलो. वरून उपटला की खाली राहिलेल्या गाठीतून पुन्हा वर यायचा. कंटाळून निम्मी माणसं गळाली. आणि चूक फक्त फसवणुकीची नव्हती. ती लाल माती कुठल्या तरी टेकडीची साल काढून आलेली असते. आपल्या चार वांग्यांसाठी टेकडी खरवडायची नाही, हे मी तेव्हापासून पाळते. माती पानांपासून बनवता येते, ते शेवटी सांगते.

सोसायटीत सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प असेल तर त्याचं पाणी झाडांना, फुलांना चालेल, कच्च्या खायच्या पालेभाज्यांना नको. मुंबईत रेल्वे रुळांलगत गटाराच्या पाण्यावर वाढणाऱ्या पालकाबद्दल लोकांच्या मनात जी धास्ती आहे ती योग्यच आहे, आणि तुमच्या बागेविषयी तशी कुजबूज एकदा सुरू झाली की थांबत नाही. डेंग्यूचा आक्षेपही येईल आणि तो गंभीरपणे घ्या. एडिस डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ साधारण आठ-दहा दिवसांत होते, म्हणून दर रविवारी तोडणीच्या वेळीच झाऱ्या, बादल्या, कुंड्यांखालच्या ताटल्या उपड्या करायच्या. सध्याचं डबकं याहून कितीतरी जास्त डास पोसतं आहे, हेही सभेत सांगा.

कोणीतरी ‘मग गच्चीवरच करू’ असं सुचवेल. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी मताशिवाय हो म्हणू नका. वावर असलेल्या गच्चीसाठी साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलोचा भार धरलेला असतो, आणि ओली माती नुसती सहा इंच पसरली तरी अडीचशे किलोच्या पुढे जाते. तुमच्याकडे जमीन आहे, तिथेच करा.

ठराव लेखी करून घ्या. न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली लिझ ख्रिस्टी आणि तिच्या साथीदारांनी बावरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा उकिरडा साफ करून बाग केली. त्यानंतर त्या शहरात अशा शेकडो बागा झाल्या. पण जमीन पालिकेची होती, आणि १९९९ साली शंभराहून अधिक बागांचे भूखंड थेट लिलावात निघाले. देणगीदार संस्थांनी ऐनवेळी ते विकत घेतले म्हणून त्या वाचल्या. तुमच्याकडे लिलाव होणार नाही, पण पुढे कधीतरी नवी कमिटी येईल आणि तिला पार्किंग हवं असेल. म्हणून सभेत तिन्ही गुंठे मागू नका. उन्हाचा एक गुंठा, तीन वर्षांसाठी, इतिवृत्तात नोंदवून मागा. उरलेल्या दोन गुंठ्यांत लॉनवाल्यांना लॉन करू द्या. त्यांच्याशी भांडून केलेली बाग शेजार जोडणार नाही. वर्षभराने त्यांचीच मुलं वाफ्यांत असतील आणि तेव्हा सीमा आपोआप सरकते, हे मी चार ठिकाणी पाहिलं आहे.

आणि सभेची वाट न बघता एक काम आत्ताच सुरू करा. फेब्रुवारी आहे, पानगळ चालू आहे. तुमच्या रस्त्यावर रोज सकाळी कोणीतरी पानं पेटवत असेल. ती पेटण्याआधी मागून घ्या, पोत्यांत भरून ठेवा. पुण्यात ज्यांच्याकडे पानं आहेत आणि ज्यांना ती हवी आहेत अशांची गाठ घालून देणारे गटही आहेत, त्यांच्याशी जोडून घ्या. मग दाभोळकरांच्या विचाराने काम करणाऱ्या दीपक सुचदे यांनी नर्मदाकाठच्या बजवाड्याला रूढ केलेली अमृतमातीची पद्धत वापरा. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम गूळ. तीन दिवस रोज दोन-तीनदा ढवळायचं. चौथ्या दिवशी त्याच्या दसपट पाणी मिसळून त्यात सुकी पानं चोवीस तास भिजवायची. पानांचा एक थर, वर मूठ-मूठ मातीचा पातळ थर, असं करत दहा फूट लांब, तीन फूट रुंद, एक फूट उंच ढीग रचायचा. आठवड्याला एकदा परतायचा, ओल टिकवायची. महिन्याभराने त्यावर मिळतील ती बियाणी पेरायची, मेथी, धने, मूग, मोहरी, तीळ, आणि ती रोपं ठरावीक दिवसांनी कापून त्याच ढिगात मिसळायची. सगळं मिळून १४० दिवसांच्या आसपास जातात. या पंधरवड्यात पहिला ढीग लागला तर आषाढात, वाफे भरायच्या वेळी, काळी, हलकी, जंगलासारखा वास येणारी माती हातात असेल.

पहिल्या ढिगासाठी गाडीभर पानं आणि चारच माणसं लागतात. त्यातली दोन लॉनवाल्यांमधून बोलवा.